थांबलेला पारा
(दहावी १९८६च्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. घंटा वाजवायला कुणी उभं असेल तर त्याने आत्ताच जरा चहा घेऊन यावं, कारण मी थोडी जास्त घेणार आहे. शाळेत असताना मी एकदाही या व्यासपीठावर चढले नव्हते. वक्तृत्व स्पर्धेत नाव द्यायचे आणि ऐनवेळी पोट दुखायचं. आज नाही दुखत, म्हणून ती सगळी थकबाकी वसूल करते.

संयोजकांनी मला विषय दिला, ‘तुझं काम सोप्या भाषेत सांग.’ गेली तीस वर्षं मी काय करते असं कुणी विचारलं की माझी आई सांगायची, ‘ती दगड वितळवते.’ लोकांना वाटायचं, म्हातारी काहीतरी चुकतेय. पण आईचं बरोबर होतं. मी दगड वितळवते, आणि वितळलेला दगड किती दाट आहे, किती वेळात थंड होतो, केव्हा वाहतो आणि केव्हा अडतो हे मोजते. एवढंच काम.

दगड वितळतो का, असा प्रश्न लहान मुलं विचारतात, म्हणून आपल्या घरापासूनच सुरू करू. या शाळेच्या भिंती बघा. काळा दगड. नदीचा घाट काळा, मारुतीच्या देवळाचा जोता काळा, विहिरीची बांधणी काळी. हा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा दगड या जमिनीवरून रस होऊन वाहत होता. एकावर एक थर साचले. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरच्या वर जाते, आणि आजही साधारण पाच लाख चौरस किलोमीटर जमीन याच दगडाखाली झाकलेली आहे. आपण ज्या डोंगराला ‘पायऱ्या-पायऱ्यांचा’ म्हणतो, त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे असा एकेक थर किंवा थरांचा गठ्ठा. इंग्रजांनी त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हटलं, त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द मुळात स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला. आपल्यातल्या ज्यांचा विहिरी खोदायचा किंवा बोअरचा धंदा आहे त्यांना हे मी काय सांगणार! वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच लाल गेरूचा पट्टा, पुन्हा मांजऱ्या. हे सगळं तुम्ही बिटाच्या आवाजावरून ओळखता. तो गेरूचा लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधली विश्रांती. खालचा थर थंड झाला, उन्हापावसात कुजून त्याची माती झाली, आणि मग वरून दुसरा रस आला.

आता दाटपणा. पुस्तकात याला ‘श्यानता’ म्हणतात. हा शब्द मी परीक्षेत लिहिला आणि विसरले. पण आपल्या भागात हा गुण शिकायला पुस्तक लागतच नाही, गुऱ्हाळ पुरतं. उसाचा रस काहिलीत पाण्यासारखा असतो. चुलवाणाची आग चालू राहते, पाणी उडतं, रस दाटतो. काकवी होते, मग पाक होतो. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत धरून बघतो. गोळी वळली की ओरडतो, ‘उतरवा!’ पाच मिनिटं उशीर झाला तर गूळ करपतो, पाच मिनिटं आधी उतरवला तर ढेप बसत नाही. त्याच्याकडे थर्मामीटर नसतो. त्याच्या बोटांत तो असतो.

माझं काम म्हणजे गुळव्याचंच काम, फक्त काहील प्लॅटिनमची आणि आच बाराशे-तेराशे अंशांची. बोट घालता येत नाही, म्हणून आम्ही वितळलेल्या रसात एक दांडी सोडून फिरवतो आणि ती फिरवायला किती जोर लागतो ते मोजतो. जोर जास्त, तर रस दाट.

थोडे आकडे सांगते, घाबरू नका. पाण्याचा दाटपणा एक धरा. एरंडेल पाण्याच्या साधारण हजारपट दाट. मध साधारण दहा हजारपट. आपला बेसाल्ट बाराशे अंशांना वितळलेला असताना मधाइतका किंवा त्याच्या दहापट दाट असतो. म्हणजे वाहणारा. उतार मिळाला तर छान वाहणारा. पण दुसरा एक खडक आहे, रायोलाइट. त्यात सिलिका, म्हणजे आपल्या गारगोटीत असतं ते द्रव्य, शंभरात सत्तरच्या वर असतं. बेसाल्टमध्ये पन्नासच्या आसपास. सिलिकाचे कण एकमेकांचे हात धरून साखळ्या आणि जाळी करतात. जितके हात जास्त तितकं हलणं कठीण. त्यातून रायोलाइट सातशे ते नऊशे अंशांनाच बाहेर येतो, म्हणजे थंडही असतो. त्यामुळे तो पाण्याच्या अब्जावधी पट दाट होतो. बेसाल्ट नि रायोलाइट दोन्ही ‘लाव्हा’च, पण त्यांच्यात काकवी आणि डांबर यांच्यातल्यापेक्षाही कितीतरी जास्त अंतर आहे.

याचा माणसाच्या जिवाशी काय संबंध? सगळा संबंध आहे. जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात, सोड्याच्या बाटलीसारखे. वर येताना दाब कमी होतो, बुडबुडे सुटतात. रस पातळ असेल तर बुडबुडे निघून जातात, आणि लाव्हा कारंज्यासारखा उडून वाहत जातो. हवाई बेटांवर हे लोक दुरून उभे राहून बघतात. रस दाट असेल तर बुडबुडे अडकतात, फुगतात, आणि एका क्षणी सगळंच फुटतं. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले असाच फुटला. त्याच्या पायथ्याचं सेंट पिअर हे शहर काही मिनिटांत गेलं. सुमारे २८ हजार माणसं. तिथे लाव्हाची नदी आली नव्हती. तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोट आला होता. त्याच्यापुढे पळता येत नाही.

म्हणून दाटपणाचा आकडा हा वहीतला आकडा नसतो. तो चुकला तर नकाशा चुकतो, आणि नकाशा चुकला तर गाव कधी रिकामं करायचं हे चुकतं.

आता मी ज्या गोष्टीसाठी इथे उभी आहे त्याकडे येते.

नववीत असताना सरांनी आम्हाला एक प्रयोग दिला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण त्या दिवशी अख्ख्या इमारतीत डांबरगोळ्यांचा वास सुटला होता. परीक्षानळीत नॅफ्थलीन, म्हणजे त्याच डांबरगोळ्यांची पूड, घालायची, गरम पाण्यात ठेवून वितळवायची, मग बाहेर काढून ती थंड होताना दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं आणि आलेख काढायचा. थर्मामीटर कमी होते, म्हणून दोघींत एक. माझी जोडीदार आज पहिल्या रांगेत बसली आहे. नाव घेतलं तर ती उठून निघून जाईल, म्हणून घेत नाही. सगळ्यांना माहीत आहे. तिचे वडील पंचक्रोशीतले नावाजलेले गुळव्या होते.

तिची नजर तेज, म्हणून ती पारा वाचायची आणि मी लिहायचे. शहाण्णव, ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. सुरळीत चाललं होतं. मग ती म्हणाली, ‘ऐंशी.’ मी लिहिलं. अर्ध्या मिनिटाने पुन्हा, ‘ऐंशी.’ मी म्हटलं, ‘नीट बघ गं.’ ती म्हणाली, ‘ऐंशीच आहे.’ पुन्हा ऐंशी. पुन्हा ऐंशी. मी थर्मामीटर हातात घेऊन झटकायला निघाले होते, तिने माझा हात धरला. म्हणाली, ‘अगं, पारा थांबलाय. खरंच थांबलाय.’

मला पटलं नाही. गरम वस्तू बाहेर ठेवली की थंड होत जाते, थांबेल कशी? मी वर्गात पहिली यायचे, ती बाविसावी-तेविसावी. मी तिला म्हटलं, तू चुकलीस, आता आलेख बिघडेल. आणि मी माझ्या वहीत लिहिलं एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, चौऱ्याहत्तर. गुळगुळीत वक्र आला, पाठ्यपुस्तकात छापावा असा. तिने तिच्या वहीत आधीच ऐंशी-ऐंशी-ऐंशी लिहिलं होतं. मी तिला ते खोडायला लावलं. तिने खोडरबर घासून माझे आकडे उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सरांनी वह्या तपासल्या. माझ्या वहीवर लाल शाईने दोनच शब्द होते, ‘पुन्हा करा’. तिची वही मात्र सरांनी वर्गासमोर उंच धरली. कागद खोडून फाटायला आला होता. सर म्हणाले, ‘आकडे खोडून दुसऱ्याचे उतरवायचे, हा प्रयोग नाही, ही चोरी आहे.’ ती उभी राहिली. काही बोलली नाही. तास संपेपर्यंत दाराबाहेर उभी राहिली. मी बाकावर बसून होते.

मग सरांनी फळ्यावर आलेख काढला. वरून खाली येणारी रेघ, मध्ये सपाट, पुन्हा खाली. म्हणाले, ‘नॅफ्थलीन ऐंशी अंशांना गोठायला लागतं. गोठताना ते आपल्या पोटातली उष्णता बाहेर टाकतं. जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच आतून मिळते, म्हणून पूर्ण गोठेपर्यंत पारा थांबतो. याला अप्रकट उष्मा म्हणतात. कुणाकुणाचा पारा थांबला होता?’ तीन-चार हात वर गेले. ती दाराबाहेर होती. तिला प्रश्न ऐकू आला असणार. तिने आत बघितलं नाही, आणि मी दाराकडे बघितलं नाही.

सर, तुम्ही चुकला नव्हतात. वहीत जे दिसलं त्यावर तुम्ही बोललात. पण खोडायला लावणारी मी होते. हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तिने सांगितलं नाही, आणि मी तर नाहीच.

हे मी का धरून बसले, ते सांगते. पुढे मी भूशास्त्र शिकले, पुण्यात, मग परदेशी. तिथल्या प्रयोगशाळेत माझ्याकडे बेसाल्टचा दाटपणा मोजायचं काम आलं. मी सामानात इथला एक दगड नेला होता. शाळेच्या कुंपणाची भिंत पडली होती, त्यातला. त्याची पूड केली आणि भट्टीत वितळवली. तेराशे अंशांना सगळं छान चाललं होतं. दांडी फिरतेय, आकडा स्थिर. मग तापमान टप्प्याटप्प्याने उतरवत साडेअकराशेवर आणलं आणि तिथेच ठेवलं. पहिला तास आकडा स्थिर राहिला. नंतर चढायला लागला. तापमान तेच, रस तोच, तरी जोर वाढत चाललेला. एक सहकारी म्हणाला, यंत्राचं बेअरिंग अडकत असेल, सुरुवातीचा स्थिर आकडा घे आणि पुढचं टाकून दे. दोन दिवसांनी मला निष्कर्ष सादर करायचे होते. स्थिर आकडा हातात होता. आलेख गुळगुळीत आला असता.

खरं सांगते, मी पेन उचललं होतं. आणि मला तिचा हात आठवला. ‘अगं, खरंच थांबलाय.’

मी यंत्र रात्रभर चालू ठेवलं. सकाळपर्यंत रस कित्येक पट दाट झाला होता. मग नमुना झटकन थंड केला, कापला, घासून पातळ चकती केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. काळ्या काचेत स्फटिकांच्या बारीक काड्या आणि ठिपके पसरले होते. गुळाच्या पाकाला कणी धरते ना, तसेच. रस गोठायला लागला होता. बेसाल्ट नॅफ्थलीनसारखा एका अंशावर गोठत नाही. त्यात अनेक खनिजं असतात आणि ती एकेक करून साधारण दीड-दोनशे अंशांच्या टप्प्यात स्फटिक होतात. स्फटिक तयार झाले की उरलेल्या रसात ते खड्यांसारखे अडतात, म्हणून दाटपणा चढतो. निम्म्याच्या आसपास स्फटिक झाले की रस जवळजवळ अडूनच बसतो. आणि गोठताना तोही उष्णता सोडतो, प्रत्येक किलोमागे साधारण चारशे किलोज्यूल. यंत्र ठीक होतं. पारा पुन्हा एकदा थांबला होता, एवढंच.

हा माझा शोध नव्हता बरं का. माझ्या आधीच्या लोकांना हे माहीत होतं. पण मी तो आकडा टाकला असता तर माझ्या तक्त्यात साडेअकराशे अंशांचा लाव्हा खऱ्यापेक्षा पातळ दिसला असता. कुणीतरी तो तक्ता वापरून लाव्हा किती दूर जाईल याचा हिशेब केला असता, आणि ते उत्तर चुकलं असतं.

अप्रकट उष्म्याने आणि दाटपणाने एक गाव वाचल्याची गोष्ट सांगते. आइसलँडजवळ हेमाये नावाचं छोटं बेट आहे, मासेमारीवर जगणारं. २३ जानेवारी १९७३च्या मध्यरात्रीनंतर गावाच्या कडेलाच जमीन दीड किलोमीटर फाटली. सुदैवाने आदल्या दिवशीच्या वादळामुळे सगळ्या बोटी बंदरातच होत्या. सुमारे ५,३०० माणसं त्याच रात्री बोटींतून बाहेर काढली. पण लाव्हा सरकत बंदराच्या तोंडाकडे निघाला. बंदर बुजलं तर गाव परत येऊन काय करणार? थोरब्योर्न सिगुर्गेइरसन नावाच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी सुचवलं, लाव्हावर समुद्राचं पाणी मारा. लोक हसले. पण हिशेब साधा आहे. एक किलो गार पाण्याची पूर्ण वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात दीड-दोन किलो लाव्हा अकराशे अंशांवरून शंभरवर येऊन घट्ट होतो. पुढची कड घट्ट झाली की तीच मागच्या रसाला बांध होते. त्यांनी सुमारे साठ लाख घनमीटर पाणी मारलं. तापलेल्या लाव्हावरून प्लॅस्टिकचे पाइप टाकले होते. आतून पाणी वाहत होतं तोवर ते वितळले नाहीत. पाच महिन्यांनी उद्रेक थांबला. शेकडो घरं गेली, पण बंदर वाचलं, आणि नव्या लाव्हामुळे त्याला आधीपेक्षा चांगला आडोसा मिळाला. लोक परत आले. नंतर कित्येक वर्षं त्याच लाव्हाच्या पोटातल्या उष्णतेवर त्यांनी घरं उबदार ठेवली.

कित्येक वर्षं का, तर दगड उष्णता फार सावकाश सोडतो. दुधावर साय धरते तशी लाव्हावर कातडी धरते. हवाईत मोजलंय, पहिल्या तासात कातडी साधारण आठ सेंटिमीटर होते, मीटरभर जाड व्हायला आठवडा लागतो, आणि दहा मीटर व्हायला जवळजवळ दोन वर्षं. जाडी दहापट हवी तर वेळ शंभरपट. तिथेच १९५९ साली किलाउएया इकी नावाच्या खड्ड्यात शंभर मीटरहून खोल लाव्हाचं तळं साचलं. शास्त्रज्ञ त्याच्यावर उभे राहून बोअर घेत राहिले, आणि १९८०च्या दशकातही खाली वितळलेला रस लागत होता. म्हणजे आपण प्रयोगशाळेत डांबरगोळ्या गोठवत होतो तेव्हा ते तळं अजून गोठतच होतं!

आपला दख्खनचा दगड एवढा दूर पसरला त्याचं एक कारण हेच. वर जाड कातडी, आत गरम रस, थर्मासमधल्या चहासारखा. कातडीखालून नवा रस घुसायचा, थर फुगायचा, पुढे सरकायचा. आंध्रात राजमहेंद्रीजवळ जो बेसाल्ट दिसतो तो इकडूनच, हजारएक किलोमीटर वाहत गेलेला असावा असं मानलं जातं. आणि थर सावकाश थंड होताना आकसतो, तडकतो, तेव्हा त्याचे सरळ खांब पडतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, इमारतींच्या गर्दीत उभी. कधी गेलात तर मान वर करून बघा.

आणि बोअरवाल्या मित्रांसाठी एक. २००९ साली आइसलँडमध्येच क्राफ्ला इथे गरम वाफेसाठी बोअर घेत होते. दोन किलोमीटरच्या थोडं खाली बिट अडकलं, वर काचेचे तुकडे आले. बोअर थेट शिलारसात गेला होता, नऊशे अंशांच्या आसपासच्या. तुम्हाला कोरडा बोअर लागला की वाईट वाटतं. त्यांना काय लागलं ते बघा.

असो. घंटा वाजायच्या आत संपवते.

आपण सगळ्यांनी प्रॅक्टिकलच्या वहीत आकडे जुळवले आहेत. हसू नका, जुळवले आहेत. ‘उत्तर येतंय ना, मग झालं.’ मीही माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत ते गुळगुळीत वक्र बघते तेव्हा मला लगेच कळतं. मी त्यांना चोर म्हणत नाही. मी विचारते, ‘खोडायच्या आधी काय होतं?’ हा प्रश्न मला त्या खोडलेल्या वहीने शिकवला.

सर, माझी एक विनंती आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी नववी ‘अ’च्या वर्गात तुम्ही विचारलं होतं, कुणाकुणाचा पारा थांबला होता. तेव्हा एक हात कमी मोजला गेला. तिचा पारा थांबला होता, सर. ऐंशी अंशांवर. तिने बरोबर वाचलं होतं आणि मी खोडायला लावलं. ती बरोबर होती हे सगळ्यांसमोर सांगायचं राहिलं होतं, कारण बोलणी तिने सगळ्यांसमोर खाल्ली होती.

आणि तुला. मला माफ कर असं म्हणायला मला फार उशीर झाला. हा एक काचेचा तुकडा आणलाय. शाळेच्या भिंतीचा दगड, वितळवून झटकन थंड केला की असा होतो, काळा, चमकणारा. माझ्या पहिल्या खऱ्या मोजणीतला आहे. त्यावर माझ्याइतकाच तुझा हक्क आहे.



(स्मरणिकेसाठी मजकूर देताना एक भर. भाषण संपल्यावर ती उठून गेली नाही. जेवणाच्या पंगतीत शेजारी येऊन बसली. काचेचा तुकडा उजेडात धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाली, ‘मला वाटलं होतं, तू विसरलीस.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘आमचं गुऱ्हाळ आता मीच बघते. दादांनंतर पाक मीच उतरवते. पोरांनी थर्मामीटर आणलाय, पण मी बोटानेच बघते. दोन्ही एकच सांगतात.’ येत्या हंगामात मी आठ दिवस तिच्याकडे जाणार आहे. तिने बोलावलंय. येताना वही आण म्हणाली, खोडरबर नको.)